मावशीच्या पायाचा गुण

आज नागपुरात जी माणसं ताठ पाठीनं हिंडताहेत, त्यांतल्या निम्म्यांनी तरी कधी ना कधी माझ्या बायकोच्या मावशीची लाथ खाल्लेली आहे, असं म्हटलं तर बाहेरगावच्या वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. आमच्याकडच्यांना वाटणार नाही. उलट "निम्म्यांनीच?" असं ते विचारतील. मावशी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून सगळं जग डोक्याकडून येतं, ही पायांकडून आली. अशा माणसानं उसण भरलेल्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक असतं. पण बाकीचे पायाळू लोक त्याचा फार गाजावाजा करत नाहीत. कुणी फारच विव्हळत आलं तर लाजत लाजत पाय लावतात आणि आपल्या कामाला लागतात. मावशीनं मात्र हा आपल्याला मिळालेला हुद्दा आहे असं लहानपणीच ठरवून टाकलं आणि आजतागायत तो सोडला नाही.

तिचं माहेर उमरेडचं, विणकरांचं. घरातली सगळी माणसं पायानं माग चालवायची, त्यामुळे आपल्या पायात मुळातच जोर आहे आणि त्यात पायाळूपणाची भर पडली आहे, अशी तिची स्वतःबद्दलची माहिती. जुन्या नागपुरातल्या तिच्या घरी रोज सकाळी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरलेली असे. पायाचा गुण चहा घेण्यापूर्वीच येतो, चहा पोटात गेला की तो उतरत जातो, हा तिचा सिद्धान्त असल्यामुळे रोगी मंडळींना भल्या सकाळी यावं लागायचं. आणि कुणी उशिरा आलं की मावशीचा चहा लांबायचा आणि तिचा पारा चढायचा. रोग्यानं पालथं पडायचं, मावशी भिंतीला एक हात लावायची, उजवा पाय उचलायची आणि टाच नाही, चवडा नाही, नेमका तळव्याचा मधला भाग पाठीला लावून हलकेच ढकलायची. मग "उतरली?" असं विचारायची. तो प्रश्न इतक्या करड्या आवाजात असे, की "नाही" म्हणण्याची छाती कुणालाच झाली नाही. रोगी उठायचा, मावशीच्या पाया पडायचा आणि कंबरेवर हात ठेवून निघून जायचा. पाया पडणं हा उपचाराचाच भाग होता. न पडता गेलेल्या एका पोलिस शिपायाची उसण कोपऱ्यावरूनच परत आली, हे ती आजही शपथेवर सांगते.

मला या पायाचा प्रसाद प्रथम मिळाला तो माझ्याच लग्नात. मुहूर्ताला थोडाच वेळ उरला होता, मी बूट घालायला वाकलो आणि वाकलेलाच राहिलो. उसण भरली. मुंडावळ्या बांधलेला, शेरवानीतला नवरदेव काटकोनात उभा आहे, हे बघून आमच्या बाजूला रडारड सुरू झाली. तेवढ्यात मुलीकडून एक ठेंगणी, गोरी, नाकात मोठी चमकी घातलेली बाई गर्दी सारत आली. "सरका बरं. जवाईबापू, लेटा पालथे," एवढंच ती म्हणाली. मी लेटलो. दुसऱ्या मिनिटाला त्या बाईचा पाय माझ्या पाठीवर होता आणि तिसऱ्या मिनिटाला मी उभा होतो. उसण खरंच उतरली, का लाजेनं पळाली, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या आईनं मात्र पुढं कित्येक वर्षं हे मनाला लावून घेतलं होतं. "मुलीकडचे लोक लग्नानंतर बोल लावतात हे ऐकलं होतं," ती सगळ्यांना सांगायची, "यांनी तर अक्षता पडण्याआधीच पोराला लाथ घातली!" फोटोवाल्यानं तो क्षणही टिपला होता. आमच्या अल्बममध्ये हळदीच्या आणि मंगलाष्टकांच्या मधोमध तो फोटो आहे, आणि आमच्या मुलांना सगळ्यात जास्त तोच आवडतो.

तेव्हापासून मी मावशीचा भक्त झालो. तिच्याबरोबर बाहेर जाणं हा एक वेगळाच आनंद. सीताबर्डीच्या बाजारात लोक दुकानांच्या पाट्या वाचतात, मावशी लोकांच्या कमरा वाचते. "ते पाहा, हिरव्या शर्टवाले, डाव्या अंगानं झुकून चालून राहिले. दोन दिवसांत भरते त्यायले," असं ती मला कोपरानं ढोसून सांगणार. मी "असेल" म्हणून पुढे व्हावं, तर ती त्या हिरव्या शर्टवाल्याला गाठून पत्ता देऊन आलेली असायची. पायाळूवर वीज पडते असं म्हणतात, त्यामुळे आभाळ गडगडलं की ती घराच्या मधल्या खोलीत लाकडी पाटावर बसते आणि घरातलं सगळं स्टील शेजारच्या खोलीत हलवायला लावते. एकदा तर शेजारच्या सोसायटीवाल्यांनी बोअरिंग कुठं घ्यावं हे विचारायला तिला नेलं, कारण पायाळूला जमिनीखालचं पाणी कळतं. मावशी अनवाणी सगळ्या आवारात हिंडली आणि सेक्रेटरीच्या नव्या कोऱ्या गाडीपाशी थांबून म्हणाली, "इथं. गाडी हटवा." पाणी लागलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण सेक्रेटरीनं गाडी हटवलीच नाही.

आता या सगळ्या वैभवात एकच माणूस उपाशी होता, आणि तो म्हणजे मावशीचा नवरा. आम्ही त्यांना काका म्हणतो. सरकारी कचेरीत जन्मभर खुर्चीत बसून त्यांच्या कमरेची पार वाट लागलेली. वर्षातून चारदोनदा त्यांना हमखास उसण भरायची. घरात साक्षात पायाळू, पण बायकोनं नवऱ्याला पाय लावणं म्हणजे पाप! झोपेत चुकून लागला तरी मावशी उठून नमस्कार करायची, तिथं मुद्दाम लावायचा म्हणजे काय? त्यामुळे पुढच्या खोलीत अख्ख्या नागपूरच्या उसणी उतरत असताना काका मागच्या दारानं बाहेर पडून, कंबर धरून, बसनं कळमेश्वरला जात. तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीजवळ एक पायाळू पानवाला होता. त्याची लाथ खाऊन, पान खाऊन, दुपारपर्यंत काका परत येत. मावशीला याचा भयंकर राग. "त्या पानवाल्याचा पाय म्हंजे काय पाय हाय का जवाईबापू? नुसता धक्का देते तो. गुण नाई त्याच्यात." मग ती म्हणायची, "पण काय करतील बिचारे. कुठी तरी जाच लागते न." काका यावर काहीच बोलत नसत. ते एकूणच फार कमी बोलतात. मावशीशी संसार करणाऱ्याला बोलायची संधीही फारशी मिळत नसावी.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना गेल्या वर्षी मावशीचा गुडघा दुखायला लागला. तोही उजवा. पहिल्यांदा तिनं कुणाला सांगितलंच नाही. मग जिना चढताना कठड्याला लोंबकळायला लागली, मग सतरंजीवरच्या रोग्याला "भिंतीजवळ सरकून लेट, मले नीट टेकाचं हाय" म्हणायला लागली, आणि एका सकाळी भिंतीला हात लावून तिनं पाय उचलला तो पाठीपर्यंत पोचलाच नाही. मधेच थांबला. पालथा पडलेला माणूस वाट बघतोय आणि मावशी एका पायावर उभी. शेवटी तिनं त्याला हातानंच थोपटलं आणि "उतरली?" असं विचारलं. तो सवयीनं "हाव" म्हणाला आणि पाया पडून गेला. पण मावशी त्या दिवशी चहाच प्यायली नाही. माझ्या बायकोला फोन करून म्हणाली, "पोरी, माह्या पायाचा गुण गेला वं." आणि रडली. मावशी रडू शकते हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं. बायकोनं फोन ठेवला तेव्हा आम्हा दोघांनाही कसंसंच झालं होतं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, सांध्याची झीज आहे म्हणाले, पण शस्त्रक्रियेची वेळ आलेली नाही, आधी फिजिओथेरपी करून बघा म्हणाले. धरमपेठेत एका तरुण मुलीचं केंद्र होतं, तिथं मी मावशीला गाडीनं घेऊन जाऊ लागलो. काकाही बरोबर येत, पुढच्या सीटवर पाठीशी उशी घेऊन. पहिल्याच दिवशी त्या मुलीनं मावशीला बसवलं, उठवलं, चालवलं, गुडघा वाकवून-सरळ करून पाहिला आणि मग विचारलं, "आजी, या गुडघ्यानं तुम्हाला काय काय करता आलं पाहिजे? मला ते कळलं की तसे व्यायाम बसवते." हा प्रश्न ती सगळ्यांनाच विचारायची. शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी "पूजेला खाली बसता आलं पाहिजे" असं सांगितलं होतं, एका गृहस्थांनी "जिना" म्हटलं होतं. मावशी म्हणाली, "मले लोकाईच्या पाठीले पाय लावता आला पाहिजे."

त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी सगळा इतिहास सांगितला, माझ्या लग्नातल्या फोटोसकट. मला वाटलं, आता ही शिकलेली पोरगी हसणार, आणि मावशी तिथून उठून तडक घरी जाणार. ती हसलीच, पण मग म्हणाली, "म्हणजे एका पायावर तोल सांभाळायचा, दुसरा गुडघा वाकवून उचलायचा, हळूच पुढे न्यायचा आणि धक्का न बसता ठेवायचा. अवघड आहे आजी, पण करू या." मावशीचा चेहरा खुलला. पुढं कधीतरी मी त्या मुलीला बाजूला घेऊन विचारलं, की या लाथेनं खरंच काही होतं का हो? ती म्हणाली, "उसण म्हणजे बहुतेक वेळा पाठीचा स्नायू आखडलेला असतो. माणूस घाबरतो, श्वास धरतो, मग तो आणखी आखडतो. बरेचदा तो आपोआपच सुटतो. पण कुणीतरी विश्वासाचं माणूस म्हणालं, उतरली, की माणूस श्वास सोडतो. श्वास सोडला की आमचंही निम्मं काम होतं. फक्त जोरात मारू नये, आणि पाय बधिर होत असेल, लघवीचा त्रास असेल, तर लाथ नाही, डॉक्टर." मी हे मावशीला सांगितलं. पहिला भाग तिनं दुर्लक्षिला आणि शेवटचा भाग मात्र "हे बराबर हाय" म्हणून मान्य केला.

मग व्यायाम सुरू झाले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबायची, म्हणजे मांडीचा स्नायू बळकट होतो आणि गुडघ्यावरचा भार तो उचलतो. मावशीला हे पटायला वेळ लागला. "दुखते गुडघा अन् मेहनत मांडीनं करायची? हे काहून?" मुलगी म्हणाली, "आजी, सांधा एकटा नसतो. बाजूचे स्नायू त्याला धरून ठेवतात." त्या केंद्रात दर शनिवारी एक ऑस्टिओपॅथ येत, ते हातांनीच उपचार करायचे. अबोल, जाड चष्म्याचे गृहस्थ. त्यांनी गुडघा नुसता चाचपला आणि मग मावशीची कंबर, खुबा, घोटा, अगदी मानसुद्धा बराच वेळ हलवून हलवून पाहिली. मावशी चवताळली. "मी गुडघा दाखवाले आणला अन् हे माही मान पाहून राहिले!" त्यांचं म्हणणं असं, की खुबा आखडल्यामुळे चालताना सगळा ताण गुडघ्यावर येतो आहे. मग त्यांनी तिचा पाय दोन्ही हातांत धरून खुब्यातून इतका हळुवार फिरवला की मावशी बोलायची थांबली. ही ऐतिहासिक घटना आहे. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "हात चांगला हाय त्यायचा. पायाळू असते तर लय नाव काढलं असतं."

व्यायामाच्या बाबतीत मावशी म्हणजे बोलायची सोय नाही. घरात ती व्यायाम करायचीच, पण त्याशिवायही सगळीकडे करायची. लग्नाच्या पंगतीत टेबलाखाली तिचा पाय सरळ होऊन समोरच्या पाहुण्याच्या नडगीला लागायचा. एकदा माझी गाडी दुरुस्तीला होती म्हणून आम्ही मेट्रोनं निघालो. सीताबर्डीच्या स्टेशनात गाडीची वाट बघत असताना मावशी खांबाला एक हात लावून एका पायावर उभी राहिली. तिथला सुरक्षारक्षक धावत आला. "आजी, काही होतंय का?" मावशी म्हणाली, "होत नाई, करून राहिली. तू असा वाकडा काहून उभा हाय?" पाच मिनिटांत तो रक्षक आपल्या पाठीचं दुखणं सांगत होता, आणि आमची गाडी निघून गेली होती. पण या वेळी मावशीनं त्याला घरचा पत्ता दिला नाही. धरमपेठेतला दिला. मी चकित होऊन पाहिलं तर ती खाली मान घालून म्हणाली, "सध्या माहाच पाय बंद हाय न."

हे बंद असणं तिला सोसवत नव्हतं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं बजावून सांगितलं होतं, की तोल पक्का झाल्याशिवाय कुणाच्या पाठीला पाय लावायचा नाही. मावशी "हाव" म्हणाली होती. पण एका सकाळी गल्लीतला हलवाई वाकडातिकडा होत दारात आला. कढईजवळ उभा राहून राहून त्याची पाठ धरली होती. दारात आलेल्याला परत पाठवायचं हे मावशीला जन्मात जमलं नसतं. सतरंजी अंथरली, भिंतीला हात लावला, पाय उचलला, आणि डावा पाय लटपटून मावशी त्या हलवायाच्या पाठीवरच बसली. हलवायाची उसण त्याच क्षणी उतरली. तो ओरडत उठला तो सरळच, आणि मावशीला उचलून खुर्चीत बसवून पाया पडायलाही विसरला नाही. मावशीचा गुडघा मात्र सुजला. मुलगी तिला रागावली नाही, तेच मावशीला जास्त लागलं. बर्फ, विश्रांती, आणि पुन्हा टॉवेलच्या गुंडाळीपासून सुरुवात. त्यानंतर मावशी गप्प झाली. व्यायाम करायची, पण मुकाट्यानं. गुडघा बरा झाला, मुलगी म्हणाली आता पाय उचला, तरी ती उचलेना. "मले भेव लागते वं," ती म्हणाली. पुढच्या खोलीतली सतरंजी गुंडाळून माळ्यावर गेली. सकाळी घर शांत असायचं आणि मावशी उठल्या उठल्या चहा प्यायची. तिच्या हातातला तो सकाळचा कप बघून मला फार वाईट वाटायचं.

हिवाळा लागला आणि काकांना उसण भरली. यावेळी कळमेश्वरचा प्रश्नच नव्हता, कारण तो पानवाला दिवाळीच्या सुमारास वारला होता. ही बातमी काकांनी आणली तेव्हा मावशी म्हणाली, "चांगला माणूस होता. पाय साधाच होता, पण माणूस चांगला." तर काकांनाही आम्ही धरमपेठेलाच नेलं. मुलीनं त्यांना तपासलं, पालथं झोपवलं, पाठीवर शेक ठेवला, हळूहळू हालचाली करून घेतल्या. चार-सहा दिवसांत ते बऱ्यापैकी सुटले. त्यांचा पलंग एका बाजूला आणि मावशीचा व्यायाम त्याला लागूनच, दोन समांतर लोखंडी दांड्यांच्या मध्ये. तिथं मुलीनं एक बुटकं स्टूल ठेवलं होतं. "आजी, आज फक्त या स्टुलावर पाय ठेवून दाखवा." मावशीनं दांडी घट्ट धरली, पाय उचलला, ठेवला. "पुन्हा." पुन्हा ठेवला. मग स्टुलावर जाड उशी आली. मावशीनं पाय निम्म्यातूनच खाली घेतला.

"काय झालं आजी? येतंय की."

"उशीले काय उसण भरते?" मावशी चिडून म्हणाली. "हे खोटं खोटं मले जमत नाई. पाठ पाहिजे."

"आता पाठ कुठून आणू मी?" मुलगी हसत म्हणाली.

तेव्हा शेजारच्या पलंगावरून, उशीत तोंड खुपसलेल्या अवस्थेतच, काकांचा आवाज आला. "माही हाय न."

मावशीनं वळून पलंगाकडे पाहिलं. मग मावशी म्हणाली, "अवो, काय बोलून राहिले तुमी! नवऱ्याले पाय लावू मी?"

"डॉक्टर," काका मान न वळवता म्हणाले, "हे व्यायामातच धरता न तुमी?"

ती मुलगी हुशार. म्हणाली, "व्यायामच आहे काका. आजी, फक्त टेकवायचा. ढकलायचा नाही, दाबायचा नाही. मी धरते तुम्हाला."

"झालं तर मग," काका म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलेलं पाप नसते."

पलंगाची उंची कमी करून घेतली. मावशी दांड्यांमधून निघून पलंगाशी आली. तिनं एक हात त्या मुलीच्या खांद्यावर ठेवला, दुसरा माझ्या. पदर सावरला. डोळे मिटून काहीतरी पुटपुटली, बहुतेक देवाची माफी मागितली असावी. मग उजवा पाय उचलला. तो थांबला नाही, लटपटला नाही. सावकाश वर आला, पुढे गेला आणि काकांच्या कमरेवर टेकला. मला वाटतं तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांनीच श्वास सोडला.

"उतरली?" मावशीनं विचारलं. तिचा तो करडा आवाज या वेळी नव्हता. इतक्या हळू आवाजात तिला बोलताना मी ऐकलंच नव्हतं.

काका म्हणाले, "राहू दे थोडा वेळ."

मग तो पाय तिथं तसाच राहिला. आम्ही दोघं तिला धरून उभे होतो. त्या मुलीनं घड्याळाकडे पाहिलं नाही की आकडे मोजले नाहीत.

पाय खाली आल्यावर मात्र गोंधळ झाला. मावशी लगेच नवऱ्याला नमस्कार करायला वाकली, कारण पाय लागला होता. काका पलंगावरून पाय खाली सोडून मावशीच्या पाया पडायला वाकले, कारण पायाळूच्या पाया पडल्याशिवाय गुण येत नाही हे त्यांना आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. "अवो, हे काय करता!" म्हणून मावशीनं त्यांचे खांदे धरले, "तू वाकू नको, गुडघा जाईल" म्हणून काकांनी तिचे धरले, आणि दोघंही अर्धे वाकलेले, एकमेकांना धरून, तसेच अडकले. हिला खाली जाता येईना, त्यांना वर येता येईना. ते ऑस्टिओपॅथ चष्मा सावरत बाहेर आले. मी इकडून, ते तिकडून अशी दोघांची सोडवणूक करावी लागली. मावशी हसायला लागली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते कुठल्या गोष्टीचं होतं हे तिनं कुणाला विचारू दिलं नाही.

घरी परतताना काका पहिल्यांदाच पुढच्या सीटवर बसले नाहीत. मागे मावशीच्या शेजारी बसले. थंडीचे दिवस, दुपारचं कोवळं ऊन गाडीत येत होतं. दोघांना झोप लागली असेल असं मला वाटलं. मग मावशी म्हणाली, "अवो, इतकी वर्षं कळमेश्वरले गेले तुमी. एकडाव तरी म्हणाचं होतं, तूच लाव म्हणून."

"मी वाट पाहत होतो," काका म्हणाले, "तू म्हणशील म्हणून."

मी गाडी जरा हळू चालवायला लागलो.